खुराड्याचे दार केव्हा लावावे?

(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनासाठी तयार केलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



खेड्यातील पुष्कळ घरांच्या परसात अथवा ओट्याच्या कडेला एक खुराडे असते. त्याचे दार म्हणजे बहुधा एक फळी, एखादा सपाट दगड किंवा पत्र्याचा तुकडा. दिवेलागणीला घरातील कोणीतरी, बहुतकरून गृहिणी किंवा शाळकरी मूल, कोंबड्या मोजते, फळी लावते, तिला धोंड्याचा टेकू देते आणि घरात जाते. या कामास फार तर दोन मिनिटे लागतात. परंतु ती रोज, न चुकता आणि नेमक्या वेळी द्यावी लागतात. गावात लग्न असो, जत्रा असो, खळ्यावर मळणी चालू असो वा ओढ्याला पाणी येऊन माणसे पलीकडे अडकलेली असोत, कोंबड्यांची रात्र कोणासाठी थांबत नाही. ज्या एका संध्याकाळी फळी लावायची राहते, नेमके त्याच रात्री रानमांजर येते, असे पुष्कळ घरांत बोलले जाते. त्यात दैवाचा भाग काही नाही. रानमांजर एरवीही वारंवार फेरी मारून जात असते. इतर रात्री त्याला दार लागलेले आढळते, एवढेच.

परसातील कोंबडी ही गोष्ट दिसावयास लहान आहे. तथापि २०१९ साली झालेल्या विसाव्या पशुगणनेत देशात ८५ कोटींहून अधिक कोंबड्या व इतर पाळीव पक्षी मोजले गेले, आणि त्यांपैकी ३१ कोटींहून अधिक पक्षी मोठ्या कुक्कुटशाळांतील नव्हे, तर घरांच्या परसातील होते. हे धन बहुधा घरातील बाईचे स्वतःचे असते. औषध, बाजारहाट, अवचित आलेला पाहुणा, मुलांच्या वह्या या सर्वांना अडीनडीस तेच उपयोगी पडते. आठ कोंबड्यांच्या घरातून एका रात्रीत तीन नाहीशा झाल्या, तर त्या आठवड्यात वर्गातील एखाद्या मुलीची नवी वही येत नाही, आणि न येण्याचे कारण ती मुलगी गुरुजींना सांगत नाही.

दार लावण्याचे हे काम यंत्राकडे सोपविता येते. ब्रिटनमध्ये, युरोपातील इतर देशांत व अमेरिकेत घरामागील बागेत कोंबड्या पाळणारे पुष्कळ लोक आपोआप उघडणारी व मिटणारी दारे वापरतात. तेथे खोकडाची भीती मोठी आहे. या दाराची रचना सोपी असते. फळी उभ्या खाचेत वरखाली सरकते. तिला बांधलेली दोरी एका लहानशा मोटरीच्या रिळावर गुंडाळली जाते. फळी वरच्या अथवा खालच्या टोकास पोहोचली की तेथील कळ दाबली जाऊन मोटर थांबते. बॅटरीवर हे सर्व चालते. मोटर, रीळ, कळा व तारा हे साहित्य तालुक्याच्या गावी मिळण्यासारखे आहे, आणि सातवी-आठवीची हुशार मुले विज्ञान प्रदर्शनासाठी असे दार सहज तयार करू शकतील. ते पाहून पाहुणे टाळ्याही वाजवितील. परंतु दार हलविणे हा या कामाचा सोपा भाग आहे. ते केव्हा हलावे, हे ठरविणे कठीण आहे, आणि ते कोंबडीला विचारल्यावाचून ठरत नाही.

कोंबडी संध्याकाळी घरी का येते, हे प्रथम पाहू. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा होय. हिमालयाच्या पायथ्यापासून पूर्व व मध्य भारतातील रानांपर्यंत आणि तेथून पुढे आग्नेय आशियापर्यंत तो आढळतो. सह्याद्रीच्या रानात ज्याची बांग ऐकू येते तो करडा रानकोंबडा याचा भाऊबंद. अनेक पाळीव जातींच्या पायांचा पिवळा रंग त्याच्याकडून आला, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनाने दाखविले. हे दोन्ही पक्षी दिवसभर जमिनीवर चरतात आणि रात्र मात्र झाडावर अथवा बांबूच्या बेटात काढतात. याचे कारण त्यांच्या डोळ्यांत आहे. कोंबडीच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी चार प्रकारच्या असतात. मनुष्याच्या डोळ्यात त्या तीनच प्रकारच्या असतात. दिवसाउजेडी मातीतला बारीकसा दाणा कोंबडी अचूक टिपते, ती उगीच नव्हे. परंतु मंद प्रकाशात पाहण्याची शक्ती तिच्याजवळ फार थोडी. अंधार पडला की ती जवळजवळ रातांधळीच होते. उजेड पुरता मावळण्यापूर्वी उंच व सुरक्षित जागा गाठणे हा तिच्या जिवाचाच प्रश्न असतो.

शिवाय उजेड कमी होत असल्याची वार्ता कोंबडीला केवळ डोळ्यांनीच कळते असे नाही. तिच्या मेंदूत वरच्या बाजूस, कवटीखाली, पिनीअल नावाची लहान ग्रंथी असते. कवटीतून झिरपणारा प्रकाश या ग्रंथीला जाणवतो आणि काळोख होऊ लागला की ती रात्रीचा स्राव निर्माण करू लागते. ही ग्रंथी शरीराबाहेर काढून काचपात्रात जिवंत ठेवली असताही काही काळ तिचा दिवसरात्रीचा ताल चालू राहतो आणि ती प्रकाशाला प्रतिसाद देते, असे प्रयोगांत आढळले आहे. म्हणजे कोंबडीजवळ आतले एक घड्याळ आहे, आणि ते घड्याळ रोज बाहेरच्या उजेडाशी जुळवून घेतले जाते. खग्रास सूर्यग्रहणात भर दिवसा कोंबड्या खुराड्याकडे वळल्याची निरीक्षणे अनेक देशांत नोंदली गेली आहेत. उजेडाची आज्ञा किती प्रबळ असते हे त्यावरून दिसते. मनुष्याच्या मनगटावरील घड्याळाशी मात्र कोंबडीचा काहीच करार झालेला नाही.

आता हे मनगटावरचे घड्याळ दाराला लावून पाहू. रोज सायंकाळी ठराविक वेळी मिटणारे दार सर्वांत स्वस्त व सर्वांत सुटसुटीत. पुण्यास नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सहाच्या किंचित आधी मावळतो, तर जुलैच्या आरंभी सव्वासातच्या सुमारास. नागपुरास हीच वेळ नोव्हेंबरअखेर साडेपाच आणि जुलैच्या आरंभी सात. पुण्यात सव्वा तासाचा, नागपुरात दीड तासाचा हा फरक एकाच घड्याळी वेळेत कसा बसावा? गणेशोत्सवाच्या सुमारास लावलेली वेळ दिवाळीपर्यंत तशीच राहिली, तर काय होते पाहा. १ सप्टेंबर ते १ नोव्हेंबर या दोन महिन्यांत पुण्याचा सूर्यास्त सुमारे पाऊण तास अलीकडे येतो. दार मात्र जुन्याच वेळी मिटते. म्हणजे अंधार पडल्यावर अर्धा-पाऊण तास खुराडे सताड उघडे राहते. कोल्हा आणि कांडेचोर यांना एवढा अवधी पुरेसा आहे.

याच्या उलट चूक हिवाळ्यात घडते, आणि ती अधिक वाईट. नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्यास्तानंतर २० मिनिटांची वेळ लावून दार तसेच ठेवले, तर १ फेब्रुवारीपर्यंत पुण्याचा सूर्यास्त सुमारे अर्धा तास पुढे सरकलेला असतो. दार आता सूर्य मावळण्यापूर्वीच दहा-बारा मिनिटे मिटते. कोंबड्या चरून परत येतात तो समोर बंद फळी. काही वेळ त्या दाराशी येरझारा घालतात, मग जवळच्या कुंपणावर, गाडीच्या जुवावर, नाही तर दाराशीच जमिनीवर अंग चोरून बसतात. दार लावणारे यंत्र आहे या भरवशावर घरातील कोणी बाहेर येऊन पाहतही नाही. उघड्या खुराड्यातील कोंबडीस निदान भिंतीचा आडोसा असतो. बाहेर अडकलेलीस तोही नसतो.

येथे शिक्षकांच्या उपयोगाची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो असे लोक म्हणतात, आणि सर्वांत लहान दिवस डिसेंबरच्या २१ किंवा २२ तारखेस असतो असे पुस्तकात असते. तेव्हा सर्वांत लवकरचा सूर्यास्तही त्याच दिवशी असावा, असे मुलांना व पुष्कळ मोठ्यांनाही वाटते. वस्तुतः महाराष्ट्रात तो नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच होऊन जातो, आणि संक्रांतीपर्यंत पुण्याचा सूर्यास्त सुमारे वीस मिनिटे पुढे गेलेला असतो. याचे कारण असे की, काठीची सावली सर्वांत आखूड होण्याची घड्याळी वेळ वर्षभर एकच नसते. पुण्यास ती नोव्हेंबरच्या आरंभी १२ वाजून १८ मिनिटांच्या सुमारास असते, तर फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात १२ वाजून ४९ मिनिटांच्या सुमारास. पृथ्वीची कक्षा लांबट असल्यामुळे व तिचा अक्ष कललेला असल्यामुळे हे घडते. शाळेच्या पटांगणात काठी रोवून महिन्यातून दोनदा ही वेळ नोंदविली तर मुलांना ते डोळ्यांनी दिसेल. सर्वांत उशिराचा सूर्यास्तही याच न्यायाने जूनमध्ये नव्हे, तर जुलैच्या आरंभी येतो.

भिंतीवरील दिनदर्शिकेत छापलेला सूर्यास्त बहुधा एखाद्या विशिष्ट शहराचा असतो, हेही ध्यानात ठेवावे. भारतीय प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला पूर्व रेखांशाची आहे, आणि एका रेखांशाच्या फरकाने सूर्याला ४ मिनिटे लागतात. मुंबई व नागपूर यांच्यात सुमारे सव्वासहा अंशांचे अंतर आहे. म्हणून केवळ रेखांशामुळे २५ मिनिटांचा फरक पडतो. अक्षांशाच्या फरकाने तो हिवाळ्यात थोडा वाढतो व पावसाळ्यात थोडा घटतो. मुंबईच्या सूर्यास्तावर भंडाऱ्याकडील खुराडे चालविणे म्हणजे शेजारगावच्या घंटेवर आपली शाळा भरविण्यासारखे आहे. गावाचे अक्षांश-रेखांश भरले की रोजचा सूर्यास्त स्वतःच काढणारी घड्याळे आता मिळतात. ती साध्या घड्याळापेक्षा पुष्कळ बरी. तरी त्यांनाही आकाशातील ढग दिसत नाहीत, आणि पश्चिमेस डोंगर आहे की मोकळे माळरान आहे, हेही त्यांना ठाऊक नसते.

मग उजेडावरच चालणारे दार का असू नये? कोंबडी उजेड पाहते, दारानेही उजेडच पाहावा. हा विचार सयुक्तिक आहे. प्रकाश कमी झाला की ज्याचा विद्युत्‌रोध वाढतो असा लहानसा प्रकाशसंवेदक यासाठी वापरतात. अडचण अशी की, किती कमी प्रकाश म्हणजे संध्याकाळ, हे त्याला सांगावे लागते. निरभ्र दिवशी सूर्यास्ताच्या क्षणी मोकळ्या आकाशाखाली सुमारे ४०० लक्स प्रकाश असतो. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश गेला की तो ३ ते ४ लक्सवर येतो. महाराष्ट्राच्या अक्षांशांवर एवढे उतरावयास सूर्याला २२ ते २४ मिनिटे लागतात. लंडनमध्ये जून महिन्यात त्यालाच पाऊण तास लागतो. त्या देशातील संधिप्रकाश रेंगाळणारा, इकडचा झपाट्याने विझणारा. परदेशी बनावटीचे दार जसेच्या तसे वापरू पाहणाऱ्याने हा भेद विसरू नये.

दार ३०० लक्सला मिटेल असे लावले तर आषाढातील एखाद्या दुपारी, आभाळ काळेकुट्ट झाले असता, ते चार वाजताच मिटून बसेल आणि पावसात भिजणाऱ्या कोंबड्या बाहेर राहतील. ३ लक्सला लावले तर ढगांची फसवणूक टळते. परंतु खुराडे चिंचेखाली अथवा गोठ्याच्या वळचणीला असेल तर तेथील काळोख मोकळ्या आकाशाच्या आधी होतो. उलटपक्षी, समोरच्या खांबावर ग्रामपंचायतीचा दिवा लागत असेल तर दार रात्रभर उघडेच राहण्याचा संभव. म्हणून संवेदकाचे तोंड खुराड्याच्या सावलीकडे अथवा रस्त्याकडे नसावे. ते मोकळ्या आकाशाकडे असावे. त्यावरील काचेवर कोळ्याचे जाळे व धूळ बसते. ती पुसावयाची राहिली की संवेदकाच्या लेखी रोज थोडी लवकर रात्र होते.

येथवरच्या विवेचनावरून कोणी म्हणेल, की सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने दार लावावे, म्हणजे झाले. कदाचित तेवढ्यावर भागेलही. परंतु ज्या खुराड्याचे दार लावावयाचे, त्यातील कोंबड्या प्रत्यक्षात केव्हा आत जातात, हे कोणी पाहिले आहे काय? प्रत्येक कळपाची रीत थोडी निराळी असते. खुराड्याची जागा, आतील दांडीची लांबी, कोंबड्यांचे वय, सायंकाळी दाणे टाकण्याची घरची सवय, या सर्वांचा परिणाम त्यावर होतो. ही माहिती कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही. तीस संध्याकाळच्या नोंदवहीत मात्र ती मिळते. चौथी-पाचवीच्या परिसर अभ्यासात ही नोंदवही सहज बसते, आणि तिच्यासाठी एका पैशाचाही खर्च नाही.

ज्यांच्या घरी किंवा शेजारी कोंबड्या आहेत अशा दोन-दोन मुलांच्या जोड्या कराव्यात. एकाने पाहावे, दुसऱ्याने लिहावे. दिवस कासराभर राहिला की दोघांनी खुराड्यापासून दहा-पंधरा पावलांवर गुपचूप बसावे. कोंबड्यांना हाकू नये, हाक मारू नये, दाणे दाखवू नयेत. कुत्रे बरोबर नसावे. पहिली कोंबडी आत गेल्याची वेळ, निम्म्या कोंबड्या आत गेल्याची वेळ आणि शेवटची आत गेल्याची वेळ लिहावी. त्याच ओळीत तारीख, त्या दिवशीचा गावचा सूर्यास्त, आकाश निरभ्र की ढगाळ, आणि शेवटी मोजलेली संख्या. वेळ मिनिटांत लिहावी. ‘साडेसहाच्या सुमारास’ असे लिहिलेली नोंद फाडून टाकावी, असे प्रारंभीच मुलांना सांगितलेले बरे. आत गेलेली कोंबडी पुन्हा बाहेर येते, डोकावते, परत आत जाते. तेव्हा अखेरची आत जाण्याची वेळच धरावी. आठवड्यातून एक दिवस शिक्षकांनी स्वतः जाऊन एखाद्या जोडीजवळ बसावे. मुले काय पाहतात आणि काय पाहिल्यासारखे लिहितात, हे त्याशिवाय कळत नाही.

महिन्याअखेर प्रत्येक दिवसाच्या सूर्यास्ताची वेळ शेवटच्या कोंबडीच्या वेळेतून वजा करावी. उदाहरणादाखल समजा, पाच निरभ्र दिवसांची ही बाकी १०, १२, १४, १३ आणि २१ मिनिटे आली. मुले लगेच बेरीज करून पाचाने भागतील. सरासरी १४ येईल. सरासरी काढावयास शिकविल्यापासून त्यांना ती सर्वत्र काढावीशी वाटते. आता सूर्यास्तानंतर १४ मिनिटांनी दार मिटविले तर काय होईल, असे त्यांना विचारावे. पहिल्या, दुसऱ्या व चौथ्या दिवशी काही बिघडणार नाही. तिसऱ्या दिवशी शेवटची कोंबडी नेमकी उंबऱ्यावर असेल आणि फळी तिच्या पाठीवर उतरेल. पाचव्या दिवशी शेवटची कोंबडी बाहेर राहील. दार सरासरी कोंबडीसाठी मिटत नाही. ते शेवटच्या कोंबडीसाठी मिटते. म्हणून येथे सरासरी निरुपयोगी, आणि सर्वांत मोठी संख्याच कामाची. त्या २१ मध्ये आणखी दहा मिनिटे मिळवावीत, आणि सूर्यास्तानंतर ३१ मिनिटे ही वेळ धरावी. सर्व कोंबड्या आत असताना दार दहा मिनिटे अधिक उघडे राहिले तर धोका आहे, पण थोडा. एक कोंबडी बाहेर असताना दार पाच मिनिटे आधी मिटले तर त्या कोंबडीची सारी रात्र उघड्यावर जाते. हे दोन धोके सारखे मानू नयेत.

परंतु त्या २१ मिनिटांजवळ थोडे थांबावे. त्या दिवशी उशीर करणारी कोंबडी कोणती होती? अनेक नोंदवह्यांत बहुधा असे आढळेल, की उशिरा येणारी कोंबडी तीच ती असते, आणि ती दुबळी अथवा कळपात नवी असते. कोंबड्यांत मानाचा एक क्रम असतो. वरची कोंबडी खालचीला टोचते, खालची उलट टोचत नाही. हा क्रम थोर्लाइफ श्येल्डेरुप-एब्बे या नॉर्वेजियन संशोधकाने १९२० च्या सुमारास प्रथम शास्त्रीय पद्धतीने मांडला, आणि त्यासाठी लागणारे निरीक्षण त्याने बालवयापासून घरच्या व शेजारच्या कोंबड्या पाहूनच केले होते. वर्गातील मुलांना हे अवश्य सांगावे. खुराड्यातील दांडी आखूड असली की वरच्या मानाच्या कोंबड्या तिच्यावर बसतात, आणि सर्वांत खालची दाराशी जाऊन टोच खाऊन परत फिरते. सगळ्या स्थिरस्थावर झाल्या, काळोख पडू लागला, की मग ती हळूच आत शिरते. अशा वेळी दार आणखी उशिरा लावण्यापेक्षा दांडी लांब करावी. दर कोंबडीस निदान एक वीत जागा असावी, आणि दोन दांड्या असल्यास त्या सारख्याच उंचीच्या असाव्यात. नाहीतर वरच्या दांडीसाठी पुन्हा भांडण. पुढील आठवड्याच्या नोंदीत ती २१ मिनिटे कमी झाली, तर मुलांना आपल्या वहीचे सामर्थ्य कळेल.

आता दाराकडे वळू. तीस दिवसांच्या नोंदी हाताशी आल्या म्हणजे दाराला दोन साक्षीदार द्यावेत, एक घड्याळाचा व एक उजेडाचा. गावच्या सूर्यास्तानंतर ठरविलेली मिनिटे उलटलेली असली पाहिजेत, आणि उजेडही ठरविलेल्या पातळीखाली सलग दहा मिनिटे राहिलेला असला पाहिजे. दोघांची साक्ष जुळली तरच फळी खाली यावी. आषाढातील काळी दुपार संवेदकाला फसवील, पण घड्याळ ‘अजून नाही’ म्हणेल. घड्याळात सूर्यास्ताची वेळ चुकीची भरली गेली आणि बाहेर अजून लख्ख उजेड असला, तर संवेदक अडवील. सलग दहा मिनिटांची अट अशासाठी, की समोरून गेलेला बैल किंवा संवेदकावर क्षणभर पडलेली सावली म्हणजे रात्र नव्हे. समोरच्या दिव्यामुळे दार मिटलेच नाही, असे होऊ नये म्हणून एक शेवटची घड्याळी मर्यादाही असावी. तिला मात्र उजेडाची साक्ष लागू नये. फळी हलक्या लाकडाची, हळू उतरणारी असावी. धारदार पत्रा वापरू नये. खाचेत दाणे व माती साचते, आणि मग फळी चार बोटे वर अडकून राहते. कळ दाबलेली नसते, आणि आत शिरावयास तेवढी फट रानमांजराच्या पिलाला व सापाला पुरते. खाच रोज झाडावी.

मुंगूस हा दिवसाचा शिकारी आहे. त्याच्यापुढे या दाराचा काही उपयोग नाही, हेही घरच्या माणसांना सांगितलेले बरे. नाहीतर दुपारी गेलेल्या कोंबडीचा दोष रात्रीच्या दाराला लागतो.

सकाळचा प्रश्न संध्याकाळइतका अवघड नाही. कोंबडा पहाटे आरवतो तो उजेड पाहूनच आरवतो असे नाही. नागोया विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली दाखविले, की सतत मंद प्रकाशात ठेवलेले कोंबडेही आपल्या आतल्या घड्याळानुसार पहाटेच्या सुमारास आरवतात. म्हणून आरवणे ऐकून दार उघडू नये. त्या वेळी कोल्हा बाहेरच असतो. चांगले उजाडल्यावर दार उघडावे. अंडी बहुधा दिवसाच्या पूर्वार्धात घातली जात असल्यामुळे थोडे उशिरा उघडल्यास ती खुराड्यातच मिळण्याचा संभव वाढतो. फक्त वैशाखात एक काळजी घ्यावी. बॅटरी रात्री संपली तर दार सकाळी उघडणार नाही, आणि पत्र्याच्या खुराड्यात ऊन चढू लागले की कोंबड्या गुदमरतात. यंत्र बसविले तरी सकाळी एकाने जाऊन पाहिलेच पाहिजे.

संध्याकाळची मोजणीही यंत्राकडे सोपविता येत नाही. दार वेळेवर मिटले म्हणजे सर्व कोंबड्या आत आहेत असे नव्हे. तलंगा, म्हणजे पहिल्या अंड्याच्या वयाला आलेल्या माद्या, पुष्कळदा झाडावर चढून बसतात. पूर्वजांची सवय त्या वयात वर येते. बाजारातून आणलेल्या कोंबडीला खुराडे हे आपले घर आहे हे ठाऊकच नसते. तिला पहिले काही दिवस दाणापाणी देऊन तेथेच कोंडून ठेवावे, मग सोडावे. खुडूक कोंबडी कुंपणाच्या जाळीत अंडी लपवून त्यांवर बसली असेल तर ती रात्री परत येतच नाही, आणि तिला दाराची वेळ लागू पडत नाही.

अशी एखादी कमी भरली की कंदील किंवा बॅटरी घेऊन शोधावे. आरडाओरड करू नये. शेवग्याच्या अथवा पेरूच्या खालच्या फांदीवर, गोठ्याच्या आढ्यावर, लाकडांच्या रचलेल्या ढिगावर ती निमूटपणे बसलेली सापडते. काळोखात तिला दिसत नसल्यामुळे ती सहसा पळत नाही. दोन्ही हातांनी पंखांसकट धरून उचलावी, आणि खुराड्यातील दांडीवर तिचे पाय टेकवून ठेवावी. मग नोंदवहीतील त्या दिवसाच्या ओळीपुढे ती कोठे सापडली ते लिहावे. दुसऱ्या संध्याकाळी ती पुन्हा कमी भरली, तर शोध त्याच फांदीपासून सुरू करावा.